अष्टग्रहीचा महिना

शालिग्राम गुरुजींना दोन गोष्टींचा भारी सोस. एक, आमरसात वाटीभर तूप ओतून खायचा, आणि दुसरा, भेटेल त्याला गाठून त्याच्या जन्माच्या महिन्यात जगात काय काय घडलं ते ऐकवायचा. शिंदखेड्याच्या शाळेत त्यांनी उभी हयात इतिहास-भूगोल शिकवण्यात घालवली. रोज सकाळी प्रार्थनेआधी फळ्यावर दिनविशेष लिहायचा तोही त्यांनीच. घटना, जन्म, मृत्यू. सवयच ती, सुटीतही सुटायची नाही. पंगतीत त्यांनी शेजारच्याला "तुमचा जन्म कुठल्या सालचा हो?" असं विचारलं, की शहाणा माणूस खाली वाकून पत्रावळीतला भात कालवू लागायचा.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या वाचनालयानं वसंत व्याख्यानमालेत त्यांना एक संध्याकाळ दिली. गुरुजींनी विषय कळवला, 'अष्टग्रहीचा महिना'. पंचवीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. बासष्टच्या फेब्रुवारीत आठ ग्रह मकर राशीत एकत्र आले, आणि जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ पेटले. गुरुजींच्या गावातही, बुराई नदीच्या काठी, सात दिवस मंत्र चालले होते. वना कुंभारानं तर पेरणीसाठी ठेवलेला भुईमूग भाजून खाल्ला. जगच बुडणार तर बियाणं कुणासाठी राखायचं, हा त्याचा हिशेब. पुढच्या पावसाळ्यात बिचारा दारोदार बियाणं मागत फिरला.

"जग बुडलं का?" गुरुजी घरातल्या भिंतीसमोर उभं राहून सराव करायचे. "उलट बघा काय झालं! अमेरिकेचा एक माणूस यानात बसून पृथ्वीला तीन फेऱ्या घालून सुखरूप परत आला. बर्लिनजवळच्या पुलावर दोन देशांनी एकमेकांचे हेर अदलाबदल करून घरी नेले. आपल्याकडे निवडणूक झाली. वाईट झालं नाही असं नाही. जर्मनीत कोळशाच्या खाणीत स्फोट झाला, तीनशेच्या आसपास माणसं गेली. हँबुर्ग शहरात समुद्र शिरला. पण असं कुठल्या महिन्यात होत नाही?"

आणि मग शेवटचा पत्ता. ऐन अष्टग्रहीच्या रात्री त्यांच्या घरात मुलगा जन्मला होता. त्याच्या आधीचे दोन्ही पाळण्यातच गेले होते. हा जगला, वाढला, पंचवीस वर्षांचा घोडा झाला. भाषणाच्या शेवटी त्याला सभेत उभं करायचं आणि म्हणायचं, हा घ्या पुरावा. 'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर' ही गुरुजींची आवडती म्हण. इथं तर त्यांच्याकडे दाखवायला लेक होता.

लेकाचं नाव उखर्डू. आधीची मुलं राहत नसली की पुढच्याला उकिरड्यावर लोळवायचं आणि असलं नाव ठेवायचं, ही खान्देशातली जुनी रीत. टाकलेल्या वस्तूकडे मरण ढुंकून बघत नाही म्हणतात. गुरुजींना हे नाव मुळीच पसंत नव्हतं, पण ठेवलं होतं ते सुंदरबाईअक्कांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, आणि अक्कांपुढे त्यांचं कधी चाललं नाही. अक्का लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या. उखर्डू पाच वर्षांचा असताना त्याची आई कमलबाई तापानं गेली, तेव्हापासून पोराला वाढवलं ते या आत्यानं.

पोरगा गुणी निघाला. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. पंचक्रोशीत कुणाचा पंप बंद पडला की याला बोलावणं. शीळ घालत यायचा, शीळ घालत जायचा, आणि घरात पाऊल ठेवताच आत्याला ओरडून सांगायचा, "फुई, रस काढ व! वाटी नको, तपेलंच आन!" ज्येष्ठात त्याचं लग्न ठरलं होतं, भडगावची मुलगी. गुरुजी वरून करडे, पण पोराच्या सायकलची घंटी ऐकू आल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

आखाजीचा दिवस आला. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांसाठी पाण्यानं घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, नाहीतर आंबा ठेवतात, चुलीतल्या निखाऱ्यावर त्यांच्या नावाचा घास टाकतात. हे सगळं बायकांच्या हातचं. गुरुजींनी आजवर फक्त ताटावर बसायचं काम केलेलं. त्या वर्षी मात्र भाषणाच्या नादात ते घरभर हिंडत होते, आणि हिंडता हिंडता मागच्या दारापाशी त्यांना एक बोळकं दिसलं. पाण्यानं भरलेलं, वर एवढीशी कैरी.

"अक्का, हे कुणाचं?"

अक्का पुरणाचे मांडे भाजत होत्या. त्यांनी खापरावरची नजर काढली नाही. "धाकल्यानं शे."

"धाकल्याचं? कोण धाकला?"

"उखर्डूनं." आणि मग, मांडा उलटून, "हात नको लावू त्याले."

गुरुजींनी पिच्छा सोडला नाही. नोकरी लागल्यापासून ते घरातही शुद्ध बोलायचे, अक्का अहिराणीतच उत्तर द्यायच्या, आणि दोघांचं कधी अडलं नव्हतं. हळूहळू सगळं बाहेर आलं. अष्टग्रहीच्या रात्री मूल जन्मलं तेव्हा गुरुजी यज्ञमंडपात बंदोबस्ताला होते. इकडे अक्कांनी पाट्यावरचा वरवंटा घेतला, गुरुजींच्या लग्नातलं जरीकाठी उपरणं फाडून त्यात गुंडाळला, छातीशी धरून उकिरड्यामागच्या निंबाखाली नेला आणि खड्डा करून पुरला. वर मोठ्यानं रडल्या. मूल मेलं, मेलं म्हणून. कमलबाईनं आत खऱ्या पोराच्या तोंडाशी छाती धरून त्याचा आवाज दाबला होता.

"दोन पोऱ्या गयात तुना," अक्का म्हणाल्या. "तिसराबी जाता. म्हनीसन मी सांगं, हाऊ मरी गया. आते कोन्ही येवाव नही लेवाले. मंग दरसाल त्याना वाटानं पानी देनं पडस. नही दिधं ते वयखी लेतीस."

"कोण ओळखून घेईल?"

अक्कांनी पुढचा मांडा खापरावर टाकला.

गुरुजी आधी थक्क झाले, मग पोट धरून हसले. आणि मग त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली, जी वर्गात एखाद्या पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर यायची. असला मासला लाख रुपये देऊन मिळाला नसता! अष्टग्रहीला फसवायला पुरलेला वरवंटा. टेबलावर वरवंटा ठेवायचा, शेजारी लेक उभा करायचा. सभा डोक्यावर घेतील.

"अक्का, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" असं म्हणून त्यांनी ते बोळकं उचललं आणि पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं. कैरी मिठाला लावून स्वतःच खाल्ली. अक्कांचा मांडा खापरावर करपला. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

दुपारी पंगतीला उखर्डूनं मांडा मोडला आणि तसाच ठेवला. रसाला बोटही लावलं नाही.

"का रे?" गुरुजींनी विचारलं.

"भूक नही नाना."

ऊन लागलं असेल, गुरुजी म्हणाले. कांद्याचा रस द्या.

पुढचे चार दिवस गुरुजींनी पारावर, पिठाच्या गिरणीत, एस.टी.च्या थांब्यावर ही गोष्ट सांगितली. माणसं हसायची. म्हातारी माणसं जरा कमी हसायची. घरात मात्र शीळ बंद झाली होती. उखर्डू सकाळी उठून ओट्यावर बसायचा तो तिथंच. कामाला बोलावणं आलं की, "जासू," म्हणायचा आणि उठायचा नाही. पंखा बंद पडला, घरातली माणसं घामानं भिजून गेली, पण त्याचा सदरा कोरडा.

"गरम होत नाही का रे तुला?"

"नही." जरा वेळ गेला. "नाना, तठे कोन हाका मारी ऱ्हायनं?"

तो उकिरड्याच्या बाजूला बघत होता. तिकडे कोणी नव्हतं. गुरुजींनी कान देऊन ऐकलं. उन्हात कुठं तरी होला घुमत होता, बाकी काही नाही.

हाक मारली की त्याचं उत्तर यायला वेळ लागू लागला. आधी थोडा, मग अधिक. विहिरीत दगड टाकून पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबावं तसं थांबायला लागायचं. एका सकाळी त्याच्या बाजेची सुतळी तटातट तुटली. बाज जुनी होती, गुरुजींनी स्वतःला सांगितलं. पण ती गेल्याच दिवाळीत विणून घेतली होती हे त्यांना ठाऊक होतं.

शिंदखेड्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग दुसरं मनगट धरलं, मग मानेला बोटं लावली. शेवटी घड्याळाकडे बघत म्हणाले, "आहे, ठीक आहे. अशक्तपणा आहे." पैसे घेतले नाहीत. पुन्हा या, असंही म्हणाले नाहीत.

गुरुजी घाबरले. हे त्यांनी कबूल केलं नसतं, पण घाबरले. आणि घाबरलेला हुशार माणूस करतो तेच त्यांनी केलं, पुरावा शोधायला निघाले. तो दगड उकरून पोरापुढे टाकायचा, अक्कांपुढे टाकायचा. बघा, दगड. घरातली ही सगळी हवा त्या बोळक्याच्या गोष्टीनं बिघडली आहे, पोराच्या मनानं घेतलं आहे. दगड डोळ्यांनी दिसला की मन ताळ्यावर येईल.

"भाऊ, तथा जाऊ नको," अक्का दारात आडव्या झाल्या. "झाकेल शे ते झाकेलच ऱ्हाऊ दे."

भर दुपारी ते शेतावरच्या सालदाराला, हिलालला, घेऊन निंबाखाली गेले. लू वाहत होती. उकिरड्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अक्कांनी सांगितलेली जागा सापडायला कठीण गेली नाही, निंबाच्या बुंध्याशी जमीन जराशी खचलेली होती. हिलालनं कुदळ मारली. काळी माती, खाली कडक चोपण, मग पुन्हा मऊ माती. गुरुजी सावलीत उभे राहून उपरण्यानं वारा घेत होते आणि मनातल्या मनात भाषण जुळवत होते.

कुदळ थांबली.

हिलाल गुडघ्यावर बसला. हातानं माती सारू लागला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि काखेत धरली.

"गुरुजी, आठे लेकरू शे."

"दगड असेल. नीट बघ."

"दगड नही."

गुरुजी वाकले. कापड कुजून मातीत गेलं होतं, पण जरीचा काठ राहिला होता, काळपट पडलेला. तो त्यांच्या लग्नातल्या उपरण्याचा. त्यावरची मोरांची जोडी त्यांना झोपेतही ओळखता आली असती. त्या काठाच्या वेढ्यात चिमुकली हाडं होती. मुठीएवढी कवटी, आणि बोरूच्या तुकड्यांसारख्या बरगड्या.

त्यांनी हातानं खड्डा चाचपला. कोपरापर्यंत माती उकरली. दगड कुठंच नव्हता.

हिलालला त्यांनी सांगितलं, गावातली माणसं तान्ही मुलं इथंच पुरायची, दुसऱ्या कुणाचं असेल. हिलालनं मान डोलावली आणि लगबगीनं माती लोटली. काठाचा एक तुकडा गुरुजींच्या मुठीत राहिला होता.

घरी येऊन त्यांनी तो अक्कांच्या मांडीवर टाकला.

"खरं सांग. तेव्हा पोर खरंच गेलं होतं ना? आणि तू दुसऱ्या कुणाचं आणून आमच्या पदरात घातलंस?"

अक्कांनी तुकडा उन्हाकडे धरून पाहिला. त्यांची बोटं मोरांवरून फिरली.

"तुनी आन भाऊ," त्या म्हणाल्या, "मी मना हाते दगड गाडा. पोऱ्या घरमा कमलजोडे रडी ऱ्हायंता."

"तिथं मूल आहे अक्का."

अक्कांनी तुकडा हळूच खाली ठेवला.

"मंग दगड कोठे गया?"

माजघराच्या पलीकडे ओट्यावर उखर्डू बसला होता. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

व्याख्यानाच्या दिवशी अक्कांनी गुरुजींचं धोतर काढून ठेवलं आणि त्यांचे पाय धरले. थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाचे पाय धरले. "एकडाव म्हनी टाक भाऊ. सभामा बठ्ठास्ना समोर म्हन. त्या महिनामा मना पोऱ्या गया व्हता. इतलंच म्हन. मी पंचवीस वरीस म्हनी ऱ्हायनू, तुले एकडाव काय जड शे? मंग त्याले काही नही व्हवाव."

गुरुजींनी अक्कांना उठवलं. म्हणतो, असं म्हणाले. आणि खरोखर म्हणायचं ठरवूनच ते निघाले. खड्ड्यात काय होतं त्याचा अर्थ त्यांना लावायचा नव्हता. तो लावायला गेलं की विचार एका जागी येऊन थांबायचा, आणि त्या जागेच्या पुढं ओट्यावर बसलेला त्यांचा लेक होता. त्यांना लेक हवा होता. अर्थ गेला खड्ड्यात.

वाचनालयाच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. ऊन उतरलं होतं, पण उजेड भरपूर होता. माणसं चांगली जमली. पुढच्या रांगेत खुर्च्या, त्यातल्या एकीवर उखर्डू, पांढऱ्या सदऱ्यात, गुडघ्यांवर हात ठेवून. अक्का बायकांच्या बाजूला.

गुरुजींची जीभ सुरुवातीला अडखळली, मग लागली चालू. ग्रह, यज्ञ, वना कुंभाराचा भुईमूग. लोक खदखदून हसले. खाणीतला स्फोट, हँबुर्गचा पूर, लोक गंभीर झाले. अवकाशातल्या तीन फेऱ्या. पुलावरची अदलाबदल. इथं मात्र गुरुजींचा आवाज विनाकारण खाली आला आणि एक वाक्य सुटून गेलं.

"आणि आमच्या गावात," ते म्हणाले, "त्या महिन्यात..."

ते थांबले.

समोर लेक बसला होता. कमलबाईचं नाक, कमलबाईचे कान. सायकल शिकताना पडून भुवईवर झालेली ती खूण. त्या दिवशी त्याला खांद्यावर घालून दवाखान्यात पळाले होते ते स्वतः. जिवंत लेकाकडे बघत, तो मेला असं म्हणायचं? शंभर माणसांत? कुठल्या बापाची जीभ उचलेल? अक्कांना जमलं असेल. त्यांना जमेना.

"...कोणी मेलं नाही," गुरुजी म्हणाले. "कोणीही नाही. एक मूल जन्मलं, ते जगलं. हा माझा मुलगा. उखर्डू, उभा राहा बाळा."

बायकांतून कुणीतरी 'अगं माय' म्हटल्यासारखं झालं.

थोडा वेळ गेला. मग उखर्डू उभा राहिला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतली माणसंसुद्धा उठून उभी राहिली. त्याला बघायला माना उंचावल्या.

"बस आता," गुरुजी हसले.

तो उभाच होता.

"लाजना नवरदेव!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"बस बाळा."

थांबायला लागतं, गुरुजींना माहीत होतं. ते थांबले. त्यांनी माइक खाली ठेवला आणि व्यासपीठाच्या कडेपर्यंत आले. तिथून लेकाचा चेहरा हाताच्या अंतरावर होता. तो त्यांच्याकडेच बघत होता, किंवा त्यांच्या दिशेला.

टाळ्या अजून चालू होत्या. एक माशी आली, उखर्डूच्या गालावर बसली, तिथून वर सरकली. मग त्याच्या उघड्या डोळ्यावर चढली आणि बुबुळावरून सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत, चालत गेली.